पाणी कुठवर येतंय

हिरामण घरत मुंबई कायमची सोडून आला त्या दिवशी त्याला उतरवून घ्यायला त्याची बायको सगुणा आणि आई ठमाबाई मोरा बंदरावर उभ्या होत्या. लाँचमधून आधी पत्र्याची ट्रंक आली, मग गोणपाटात बांधलेली एक लांबट, जड वस्तू, आणि सगळ्यांत शेवटी एका खलाशाच्या खांद्यावर हात टाकून हिरामण. गणपतीला येऊन गेला होता त्याच्या निम्माच उरला होता. ठमाबाईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि ट्रंक डोक्यावर घेतली.

"हे काय आणलंय?" सगुणानं गोणपाटाकडे बघत विचारलं.

"मशीन हाय. हळू धर. आपल्या पोटाची सोय हाय ती."

लग्नाच्या आधीपासून हिरामण फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात गालिचे धुवायच्या कामावर होता. दिवसभर धूळ, नाहीतर ओल. खोकला सुरू झाला तेव्हा त्यानं तो धुळीचा समजला. रक्त पडलं तेव्हा इस्पितळात गेला. इंजेक्शनं झाली, महिनोन् महिने खाटेवर पडून राहणं झालं, आजार थांबलाही. पण डॉक्टरांनी त्याला स्पष्टच सांगितलं की फुप्फुसांत आता फारसं काही उरलेलं नाही, गावी जाऊन मोकळ्या हवेत राहा. हॉटेलात तोवर विजेवरची नवी मशीनं आली होती. कोठीत पडलेलं जुनं हातमशीन हिरामणनं मागितलं, आणि मॅनेजरनं ते देऊन टाकलं.

घरी पडवीत त्यानं गोणपाट सोडलं. लांब लाकडी दांडा, खाली दोन चाकं, चाकांमध्ये गोल ब्रश, आणि दांड्याला पट्ट्यांनी बांधलेली पितळेची टाकी. टाकीत साबणाचं पाणी भरायचं. दांड्यावरचा चाप दाबला की तोटी उघडायची, पाणी रबरी नळीतून खाली उतरायचं आणि ब्रशच्या वर बसवलेल्या आडव्या नळीच्या बारीक भोकांतून झिरपायचं. मशीन पुढेमागे ढकललं की ब्रश फिरून फेस करायचा. हिरामणला ते दोन वेळा ढकलून दाखवतानाच धाप लागली. तो उंबऱ्यावर बसला आणि दांडा त्यानं सगुणाच्या हातात दिला.

उरणच्या पेठेत गालिच्यांची घरं मोजकीच होती. एक-दोन वकील, मिठाचे काही व्यापारी, आणि बोहऱ्यांची आळी. हिरामणनं घरोघर जाऊन सांगितलं. लोकांना नवल वाटलं, पण बोलावू लागले. काम सगुणा करायची. गच्चीवर नेऊन गालिचा झोडपायचा, उन्हात उलटा पसरायचा, मग आत आणून मशीन फिरवायचं. धूळ उडायची तोवर हिरामण नाकाला पंचा लावून बाहेर थांबायचा, आणि मग दारातल्या स्टुलावर बसून सांगायचा, "इकडं जास्त दाब. तिकडं पाणी कमी सोड, रंग कच्चा हाय."

खातूनबाईंच्या घरी पहिल्यांदा मशीन अडलं. खातूनबाई म्हणजे बोहरी आळीतल्या एका लोखंडवाल्याची बायको, प्रेमळ पण साफसफाईच्या बाबतीत कडक. गालिचा अर्धा झाला आणि पाणी यायचं थांबलं. सगुणानं चाप दाबून दाबून पाहिला, टाकीवर थापटी मारली.

"मारू नको," हिरामण स्टुलावरून म्हणाला. "टाकीत पाणी हाय ना? मंग पाणी कुठवर येतंय ते बघ. वरून सुरवात कर. झाकण ढिलं कर जरा."

तिनं झाकण फिरवलं. आत फुस्स झालं आणि खाली भोकांतून पाणी टपटपू लागलं.

"झाकणाला बारीक भोक हाय, दिसलं? साबणानं बुजलं असंल. वरून हवा शिरली न्हाय तर पाणी खाली उतरत न्हाय. काडी घाल त्यात."

सगुणानं खराट्याची काडी घातली. पाणी नीट चालू झालं. खातूनबाई म्हणाल्या, "वाह हिरामणभाई, बसल्या जागी मशीन दुरुस्त." हिरामण हसला, आणि त्या हसण्याचाही त्याला खोकला आला.

त्यानंतर हिरामणनं एक नवीनच सुरू केलं. काम नसेल त्या दिवशी तो पडवीत मशीन घेऊन बसायचा आणि सगुणा विहिरीवर गेली की त्यात काहीतरी बिघाड करून ठेवायचा. कधी टाकीच्या तळाच्या जाळीत कापसाचा बोळा कोंबायचा. कधी नळीला पट्टीखाली मुरड घालायचा, कधी तोटीतलं चामड्याचं वायसर उलटं बसवायचा. ती आली की म्हणायचा, "पाणी भर आन् सांग मला, कुठवर येतंय."

पहिल्या खेपेला तिला गंमत वाटली. झाकण बघितलं, जाळी बघितली, बोळा काढून त्याच्या पुढ्यात टाकला. दुसऱ्या खेपेलाही शोधलं. मग एका दुपारी नळी सोडवता सोडवता तिचे हात थांबले.

"तुमीच बिघडवता आन् तुमीच मला शोधायला लावता?"

"मंग. उद्या कुणाच्या घरी अडलं तर तुला कोण सांगंल?"

"तुमी सांगाल."

"मी असंन तवर सांगंन."

मग तिनं नळी जमिनीवर ठेवली आणि हात लुगड्याला पुसले.

"तुमी जायची तयारी करताय आन् ती माझ्याकडनं करून घेताय. मी न्हाय शिकणार."

"सगुणा, ऐक. मी नसल्यावर तू काय करशील? मिठागरावर जाशील. तुझ्या आयचे पाय बघितलेत मी. मिठानं खाऊन खाऊन भेगांत बोट जाईल असे झालते."

"जाईन मिठागरावर. तुमी नका बोलू."

ठमाबाई आत तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं, पण मध्ये पडली नाही. लेकाचं खरं होतं, आणि सुनेचंही.

सगुणानं पुढं मशीन उघडायचं टाळलं. कामावर अडलं तर ती दांडा सोडून सरळ बाजूला उभी राहायची, आणि हिरामणला उठून यावं लागायचं. तो एक एक भाग उघडायचा, पुटपुटत, तिला ऐकू जाईल असं. ती दुसरीकडं बघायची. ऐकायची मात्र सगळं.

होळीनंतर त्याला उठणं जमेना. पडवीतून आतल्या खोलीत खाट आली. दुपारी अंग तापायचं, रात्र बसूनच काढायला लागायची. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना ठमाबाईशी अंगणात हळू आवाजात बोलले. हिरामणनं खाणं कमी केलं. पेजेची वाटी तशीच बाजूला राहू लागली. त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. कुणी बोललं तर तो ऐकायचा, उत्तर देईलच असं नाही.

वैशाखात खातूनबाईंचा निरोप आला. मुलीची शादी ठरली होती, घरातले सगळे गालिचे धुवून हवे होते. सगुणा जायला तयार नव्हती. ठमाबाई म्हणाली, "जा. मी हाय त्याच्यापाशी." सगुणा पहिल्यांदा एकटी मशीन घेऊन गेली.

पहिल्याच गालिच्याला पाणी बंद झालं. आणि दारात स्टूल नव्हतं.

सगुणा थोडा वेळ नुसती उभी राहिली. शादीचं घर, आत बायकांची गडबड, खातूनबाई दोनदा डोकावून गेल्या. मग ती खाली बसली आणि झाकणापासून सुरुवात केली. झाकणाचं भोक मोकळं होतं. जाळी स्वच्छ होती. नळी काढून फुंकली, आरपार हवा गेली. तोटी उघडताच पाणी हातावर आलं. म्हणजे पाणी तिथवर येत होतं. राहिली ती खालची आडवी नळी. तिनं ती उलटी करून उजेडात धरली. सगळी भोकं पांढऱ्या, चिकट, दह्यासारख्या गोळ्यांनी भरली होती.

तिनं अंबाड्यातला आकडा काढून एक एक भोक टोकरलं. पुन्हा पाणी भरलं. थोडं आलं आणि पुन्हा बुजलं. असं आधी कधी झालं नव्हतं. तिनं बादलीत हात घालून पाणी ढवळलं. साबण बराच होता, पण फेस नव्हता, नुसत्या पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. तिनं बोट जिभेला लावलं. अंगणातली विहीर उन्हाळ्यात खाली गेली होती आणि पाणी मचूळ झालं होतं. त्या पाण्यात साबण फाटत होता.

"खातूनबाई," ती आत जाऊन म्हणाली, "विहिरीचं पाणी चालत न्हाय. तुमच्या टाक्यातलं देता का?"

घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं होतं. ते प्यायचं पाणी, आणि पाहुणे यायचे होते. खातूनबाईंनी क्षणभर विचार केला. "घे बाय. पण जपून घे." मग सगुणानं त्यांच्याकडून मूठभर आमसुलं मागून घेतली, ती कोमट पाण्यात कुस्करली आणि नळी त्यात बुडवून ठेवली. टोकरून न निघालेला चिकटा सुटून आला. टाक्याच्या पाण्यात साबण घालून तिनं ते फडक्यातून गाळलं, टाकी भरली, चाप दाबला. सगळ्या भोकांतून सारखं पाणी झिरपलं.

संध्याकाळी ती मिठागरांच्या बांधावरून घरी निघाली तेव्हा पाय भराभर पडत होते. कधी एकदा त्याला सांगते असं झालं होतं. हे त्यानं शिकवलं नव्हतं, हे तिचं तिनं शोधलं होतं.

घरात शिरली तर हिरामण भिंतीकडे तोंड करून पडला होता. ठमाबाई हातात पेजेची वाटी घेऊन बसली होती, वाटी भरलेलीच होती. पावलं ऐकून त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "झालं का गो काम?"

आवाजात काळजी नव्हती. व्हय एवढं ऐकलं की आपण सुटलो, इतकंच राहिलं होतं त्याचं, असं सगुणाला वाटलं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

"न्हाय झालं," ती म्हणाली. "पाणीच येत न्हाय."

हिरामणनं डोळे उघडले. हळूहळू कूस बदलली.

"कुठवर येतंय?"

"मला न्हाय कळत."

"झाकण बघितलं?"

"न्हाय."

"अगो, पहिलं झाकण. सांगितलं न्हाय का तुला मी?" तो चिडला होता. चिडण्याइतकी ताकद त्याच्यात आहे हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "आये, जरा उशी दे पाठीला." आणि बोलता बोलता, सगुणाला जाळीचं समजावता समजावता, त्यानं आईच्या हातची वाटी घेतली आणि अर्धी पेज संपवली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, झाकणानं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी नळीचं काढलं. दिवसभर ती खातूनबाईंकडे सुरळीत काम करायची आणि घरी येताना वाटेत एक नवा बिघाड मनात जुळवायची. हिरामण वाट बघत बसलेला असायचा. त्यानं विचार करून ठेवलेला असायचा. "तोटीचं वायसर फुगलं असंल. काढून उन्हात ठेव," असं एक दिवस, "नळी चिमटली असंल पट्टीखाली," असं दुसऱ्या दिवशी. तो भात खाऊ लागला. एका सकाळी पडवीत येऊन बसला. सगुणाला आशा वाटायला लागली, आणि तिनं खोटं आणखी लांबवलं.

पण तिचे बिघाड जुळत नव्हते. ती म्हणाली होती की नळीत पाणी येतं पण तोटीत येत नाही. तोटी वर आणि नळी खाली. हिरामण सकाळभर त्यावर विचार करत बसला. असं होऊच शकत नव्हतं. शादी जवळ आली होती. बायकोचं हातातलं काम जाणार, पेठेत नाव जाणार, पुन्हा तिला कुणी बोलावणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. ठमाबाई मासळी घ्यायला बाहेर गेली होती. त्यानं सदरा चढवला, काठी घेतली आणि बांधाची वाट धरली.

ऊन कडक होतं. बांधावर सावली कुठंच नव्हती, दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग डोळ्यांना खुपत होते. तो थोडं चालायचा आणि बसायचा. पुढं मीठ भरून निघालेल्या एका गाडीवानानं त्याला पाहिलं आणि उचलून गोण्यांवर बसवलं. बोहरी आळीच्या तोंडाशी तो उतरला.

खातूनबाईंनीच दार उघडलं. "या खुदा, हिरामणभाई, या उन्हात? बसा, बसा. पाणी आणते."

"मशीन बघाय आलोय. पाणी येत न्हाय ना त्यातनं."

"कोण बोललं?" खातूनबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी थोडं अडलं, ते तिनं तेव्हाच ठीक केलं. फार हुशार तुमची बाय."

दिवाणखान्याच्या दारापर्यंत तो भिंत धरून गेला. सगुणा पाठमोरी होती. लाल गालिच्यावर ती मशीन मागं ओढत होती आणि ब्रशखालून पांढरा फेस एका रेषेत, सारखा उमटत होता. कोपऱ्याशी तिनं चाप सोडला, मशीन वळवलं, पुन्हा दाबला. वळली तेव्हा तिला तो दिसला.

खातूनबाई पाण्याचा पेला त्याच्या हातात देऊन आत गेल्या.

"चालतंय की," हिरामण म्हणाला.

तिनं मान खाली घातली.

"काय अडलं व्हतं?"

"खालची भोकं. साबण फाटून बसला व्हता त्यात. विहिरीचं पाणी मचूळ झालंय. मी टाक्यातलं घेतलं."

"आन् भोकं कशानं साफ केलीस?"

"आमसुलाच्या पाण्यानं."

तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. श्वास जागेवर यायला त्याला बराच वेळ लागला. "हे मला ठाव नव्हतं," तो म्हणाला. "हाटेलात नळाला गोडं पाणी. असं कधी झालंच न्हाय तिथं." मग त्यानं विचारलं, "मंग रोज खोटं का सांगत व्हतीस?"

"तुमी उठून बसत व्हता," सगुणा म्हणाली.

हिरामण तिच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "राहिलेलं कर पुरं. मी बसतोय हितं." आणि तिनं तो गालिचा पुरा केला. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. दोनदा कड चुकली. त्यानं सांगितलं नाही.

खातूनबाईंनी आपल्या टांग्यातून दोघांना घरी पाठवलं. त्या रात्री हिरामणला ताप चढला तो उतरलाच नाही. बोलणं बंद झालं. खातूनबाईंच्या घरी लग्नाचा मांडव पडायच्या आधीच तो गेला.

ठमाबाई सुनेला सगळ्यांसमोर काही बोलली नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मग एका सकाळी चुलीपुढं बसून ती म्हणाली, "माझा लेक त्या उन्हातनं चालत गेला. तुझ्यासाठी गेला."

"व्हय," सगुणा म्हणाली.

त्यानंतर पावसाळाभर त्या घरात गरजेपुरतंच बोलणं होतं. सगुणा दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायची, आल्यावर आपलं ताट वाढून घ्यायची. मशीन पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होतं. तिला ते उघडावंसं वाटत नव्हतं. ती मनात सारखी तेच उलटंपालटं करायची. पहिल्याच संध्याकाळी खरं सांगितलं असतं तर तो त्या वाटेला गेला नसता. खरं सांगितलं असतं तर कदाचित भिंतीकडे तोंड करून त्याच आठवड्यात गेला असता. यातलं कुठलं खरं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.

नवरात्राच्या सुमारास खातूनबाईंचा माणूस येऊन गेला. त्यांच्या नात्यातल्या एका घरी काम होतं. सगुणा नाही म्हणणार होती. ठमाबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "येईल म्हणून सांग."

माणूस गेल्यावर दोघी पडवीतच राहिल्या. ठमाबाई जोत्यावर बसली. पदर तोंडाला लावून, दुसरीकडं बघत ती बोलू लागली.

"तू रोज यायचीस तवा तुझ्या लुगड्याचा काठ ओला असायचा. साबणाचा वास यायचा. मशीन बंद असतं तर कशानं भिजला असता? मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं."

सगुणानं तिच्याकडे पाहिलं.

"मी त्याला सांगितलं न्हाय," ठमाबाई म्हणाली. "तो जेवत व्हता ना गो. माझ्या हातानं जेवत व्हता. मीबी गप बसले. आन् सगळा दोष तुझ्यावर टाकला."

सगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींनाही रडू आलं, पण एकमेकींना धरून वगैरे त्या रडल्या नाहीत. जोत्यावर शेजारी शेजारी बसून आपापलं रडल्या. सगुणाला इतके महिने वाटत होतं की कुणी दोष वाटून घेतला तर तो थोडा हलका होईल. तसं झालं नाही. तो होता तेवढाच राहिला. फक्त तो आता दोघींना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सगुणानं गोणपाट काढलं. रबरी नळी वाळून कडक झाली होती, टाकीला हिरवट डाग चढले होते. ठमाबाई राख आणि चिंच घेऊन आली आणि टाकी घासू लागली. सगुणानं नळी कोमट पाण्यात भिजत घातली. काम संपेपर्यंत कुणी हिरामणचं नाव घेतलं नाही.